पाचूतलं झाड

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आता लष्कर औषधालासुद्धा उरलेलं नाही. मोबाइलची दुकानं आहेत, खानावळी आहेत, आणि एका बोळाच्या तोंडाशी, जिथे वळताना रिक्षा हमखास अडते, तिथे जगन्नाथरावांची बैठक आहे. बैठक म्हणजे काय, तर पुढच्या खोलीतली खिडकी, खिडकीखाली बुटकं मेज, मेजावर पितळी थाळी आणि मागे भिंतीवर टांगलेली पणजोबांची तलवार. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. त्यांनी लढाई मारली होती की नुसता घोड्यांना खरारा केला होता, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. पण आयुधपूजेला तलवारीला हळदकुंकू लागतं आणि तिच्याच शेजारी जगन्नाथरावांचे चिमटे, फुंकणी आणि भिंगही पूजेला बसतात. घराण्याची केवढी ही घसरण, असं त्यांचे थोरले बंधू म्हणायचे. जगन्नाथरावांना ती घसरण कधी वाटली नाही. तलवारीनं घरात कुणाचं पोट भरल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

ते खडे बसवतात. दागिना दुसरा कुणी घडवतो, खडा तिसराच कुणी कापतो. सोन्याच्या घरात खडा नेमका बसवायचा आणि वरची सोन्याची नखं दाबून त्याला कायमचा धरून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. मिसरूड फुटायच्या आधी अशोका रोडवरच्या एका कारखान्यात ते हे शिकायला बसले आणि त्यात म्हातारे झाले. बोलणं कमी. खड्यांचा विषय निघाला तरच तोंड उघडायचं, आणि त्यातही पाचूचा. हिरा बसवताना हात निर्धास्त असतो, माणकाचं फारसं भय नाही, पण पाचू हातात आला की आपण श्वाससुद्धा बेतानं घेतो, असं ते सांगायचे. पाचू कठीण खरा. गारेवरही ओरखडा काढील. पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. पाचूच्या पोटात जन्मापासून चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून व्यापारी त्याला तेल पाजतात. तेल चिरांत भरून राहतं आणि खडा वरून नितळ दिसतो. त्याला आग दाखवली, उकळत्या पाण्यात घातला, की तेल निघून जातं आणि झाकलेलं सगळं उघडं पडतं. कधी तिथंच दुभंगतो.

हे सगळं त्यांनी ईश्वरीला सांगितलं होतं. ईश्वरी जयलक्ष्मीपुरमची. वडील त्र्यंबक इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत नवरा-बायको तिला घेऊन साताऱ्याहून म्हैसूरला आले, ते इथलेच झाले. मुलगी मानसगंगोत्रीत, इथल्या विद्यापीठात, भूगर्भशास्त्र शिकत होती. अभ्यासाच्या सहलीला राजस्थानात गेली असताना जयपूरच्या एका गल्लीत साठवलेल्या खाऊच्या पैशांतून तिनं एक पाचू घेतला. मुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी जगन्नाथरावांचं नाव सांगितलं, म्हणून टिश्यू पेपरात गुंडाळलेला तो खडा घेऊन एका दुपारी ती स्कूटरवरून आली आणि समोरच्या पायरीवर बसून जी बोलायला लागली ती थांबेचना.

"काका, पाचू म्हणजे बेरिल. बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट. म्हणजे तसा वाळूच्याच भाऊबंदांपैकी. शुद्ध असला ना, की पाण्यासारखा असतो, बिनरंगी. लोखंडाचा कण शिरला तर निळसर होतो, ते अक्वामरीन. लोखंडच, पण दुसऱ्या रूपात शिरलं, तर पिवळा. मँगनीज शिरलं की गुलाबी. आणि क्रोमियम नाहीतर व्हॅनेडियम शिरलं तरच हिरवा. म्हणजे बघा, सगळी किंमत भेसळीची."

"भेसळ नको म्हणू गं," जगन्नाथराव म्हणाले. "पाहुणा आला, राहिला, घरचाच झाला. आम्ही नाही का या ऊरात राहिलो?"

"ऊर म्हणजे?"

"गाव."

"तुमच्या मराठीत कन्नड किती हो काका."

"तुझ्या मराठीत इंग्लिश किती ते मोज आधी."

ती खळखळून हसली. मग तिनं त्यांचं भिंग मागितलं, खिडकीच्या उजेडात खडा धरला आणि हळूहळू फिरवत राहिली. बोलली तेव्हा आवाज एकदम लहान झाला होता. "काका, यात झाड आहे." जगन्नाथरावांनी पाहिलं. खड्याच्या एका अंगाला बारीक चिरांचा गुंता होता: खाली एक सरळ रेघ, वर तिला फुटलेले फाटे. व्यापाऱ्याच्या भाषेत ही खोट. पण एकदा झाड म्हटल्यावर ते झाडच दिसायला लागलं, त्याला कोण काय करणार? आतून जगन्नाथरावांच्या पत्नी भवानीबाई ताटलीत कोडबळी, म्हणजे कडबोळ्यांसारखी तळलेली कडी, घेऊन आल्या. पोरीनं ती एकेक करून बोटात घातली आणि बोटातूनच खाल्ली. अशी पोर घरात पाहिजे होती, असं त्या रात्री जेवताना भवानीबाई म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात ईश्वरी डेंग्यूनं गेली.

जगन्नाथरावांना ते कळलं तेव्हा वर्ष उलटत आलं होतं. एका सकाळी चाळिशी ओलांडलेली एक बाई पायरीशी उभी राहिली. "मी आभा. ईश्वरीची आई," असं म्हणाली आणि मुलगी गेल्याचं सांगितलं. ते सांगताना ती रडली नाही. ते सांगायची तिला आता सवय झाली होती, आणि जगन्नाथरावांना त्या सवयीचंच जास्त वाईट वाटलं. तिनं रुमालातून अंगठी काढली, जगन्नाथरावांनीच ईश्वरीला तो पाचू बसवून दिलेली.

"मला ही माझ्या बोटात घालायची आहे, काका. माझ्या करंगळीतही जात नाही. मोठी करून द्याल? सध्या मी रोज सकाळी खिडकीशी उभी राहून हातात धरून बघते. तिनं मला ते झाड दाखवलं होतं. कुठल्या बाजूनं उजेड घ्यायचा, तेसुद्धा शिकवलं होतं." तिनं अंगठी थाळीत ठेवली, पण बोट लगेच सोडलं नाही. "फोटोत ती माझ्याकडे बघत असते. यात मी आणि ती एकाच गोष्टीकडे बघतो. एवढंच राहिलंय. झाड सांभाळा."

"खडा आधी काढून ठेवतो, ताई. मग सोनं कापून तुकडा जोडतो. पाचूला आगीजवळ नेत नाही मी."

"माहीत आहे. तिनं घरी येऊन मला सांगितलं होतं."

त्या दिवशी भवानीबाई लेकीला, पवित्राला, तपासायला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. पवित्रा पिरियापट्टणला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. आधी दोनदा पोटातलं पोटातच गेलं होतं. आता सातवा महिना होता आणि घरात सगळे काचेवरून चालल्यासारखे वावरत होते. कोणत्या बाजूला वळून झोपायचं, कुणाच्या दारावरून जायचं नाही, कोणत्या झाडाखाली थांबायचं नाही, सगळ्यावर भवानीबाईंचा पहारा होता. रात्री जेवताना जगन्नाथरावांनी ईश्वरीचं सांगितलं. सांगायला नको होतं, असं पुढे त्यांनी स्वतःला हजारदा बजावलं. पण बायकोला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?

भवानीबाईंचा घास हातातच राहिला. "ती पोर? कोडबळी खाऊन गेली ती?" आणि त्या खरोखर रडल्या. पदरानं डोळे पुसले, ताट सरकवलं. मग डोळे पुसता पुसता थांबल्या आणि त्यांची नजर पुढच्या खोलीकडे गेली. "री, तिची अंगठी आपल्या घरात आहे?" 'अहो'ला त्या इथल्यासारखं 'री' म्हणायच्या.

"कामाला आलीय."

त्यांनी उठून ताटं उचलली. ईश्वरीसाठी आलेलं रडू खरं होतं आणि त्यामागून आलेली भीतीही खरीच होती. दोन्ही एकाच बाईच्या पोटात, एकाच रात्री.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. लढाईत पडलेल्याची तलवार, कडं, काही घरी आलं, की ते उंबऱ्याच्या आत घ्यायच्या आधी हळद आणि कडुलिंबाच्या उकळत्या पाण्यात बुडवायचं आणि लगेच गार पाण्यानं धुवायचं. गेलेल्याचा जीव वस्तूत अडकून राहिला असला तर सुटावा, घरातल्या लेकुरवाळीला त्याची बाधा होऊ नये, म्हणून. लढाया संपल्या, रीत राहिली. सासऱ्यांचं घड्याळ तसंच बुडवल्यानं कायमचं बंद पडलं होतं आणि त्यावर घरात वर्षानुवर्षं थट्टा चालली होती. ज्यांनी ही रीत घातली त्यांच्यापुढे लोखंड होतं. लोखंडाला सगळं सोसतं.

दुसऱ्या दिवशी जगन्नाथराव सोनं जोडायचा डाख आणायला अशोका रोडला गेले. इतक्या वर्षांच्या संसारात भवानीबाईंनी त्यांच्या मेजाला कधी हात लावला नव्हता. झाडू मारतानासुद्धा मेजाच्या पायांपाशी थांबायच्या. त्या दिवशी त्यांनी थाळीतली अंगठी उचलली.

जगन्नाथराव परत आले तेव्हा अंगठी जागच्या जागी होती. सोनं नव्यासारखं लखलखत होतं. खडा मात्र पांढुरका पडला होता. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा. त्यांनी भिंग लावलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चीर गेली होती, नेमकी झाडाच्या मधून. त्यांनी नखं उचलली आणि चिमट्यात धरायच्या आत खड्याचे दोन तुकडे थाळीत पडले.

"कुणी हात लावला?"

भवानीबाई स्वयंपाकघरातून आल्या. "री, सुम्ने, उगाच का आवाज चढवता? पवित्रा झोपलीय. स्वल्प हळदीच्या पाण्यात घातली, अष्टे, एवढंच. मग गार पाण्यानं धुतली. सोनं कसं झालंय नोडी, बघा तरी."

"खडा फुटला."

"मी खड्याला शिवलेसुद्धा नाही."

त्यांना ओरडायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर हात उगारावा असं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच त्यांना लाज वाटली. मग आतून पवित्रानं कूस बदलल्याचा आवाज आला आणि ते खाली बसले. दोन तुकडे त्यांनी कागदाच्या पुडीत बांधले आणि मेजाच्या खणात अगदी मागे सारले.

आभाताईंना सांगायचं काय? हात चुकला म्हणायचं, तर खडे बसवणाऱ्याच्या नावाला काळं. तेही त्यांनी सोसलं असतं. पण ती विचारणार, कसा चुकला. आणि खरं सांगायचं तर त्या आईला हे सांगावं लागणार, की तुझी मुलगी आमच्या घरी नको होती म्हणून आम्ही तिला उकळत्या पाण्यात घातलं. हे शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

ते खड्यांचे व्यापारी सत्यनारायण यांच्याकडे गेले. दोघांची उमेदवारी एकाच कारखान्यात झालेली, बोलणं कन्नडमध्ये, आडपडदा नाही. सत्यनारायणांनी पांढऱ्या कागदावर हिरवे खडे मांडले. पेरिडॉट पिवळटाकडे झुकणारा, तो चालणार नव्हता. डायॉप्साइड रंगानं गर्द, पण मऊ. रोज वापरात घासून वर्षभरात निस्तेज झाला असता. तुर्मळी काळपट. शेवटी त्यांनी एक पाचूच काढला, झांबियाचा. रंग जवळपास तोच, माप तेच, आणि पोट स्वच्छ.

"याच्यात काही नाही," जगन्नाथराव म्हणाले.

"काही नाही म्हणून तर भारी," सत्यनारायण म्हणाले. "लोक खोट असलेला परत करतात, तू खोट शोधत फिरतोयस. बसव. यारिगू गोत्तागल्ला." कुणाला कळणार नाही, हे त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

जगन्नाथरावांनी तो बसवला. इतकं निर्दोष काम त्यांनी अलीकडे केलं नव्हतं.

आभाताई आल्या, अंगठी बोटात सरकवली आणि हात खिडकीकडे नेला. बोट जरा वळवलं. आणखी जरा वळवलं. "झाड?"

"इथं उजेड पुरत नाही, ताई. समोर ती बिल्डिंग झाली ना."

"हो," त्या म्हणाल्या. "तेच असेल." आणि नमस्कार करून गेल्या. त्यांनी ज्या सहजपणे विश्वास ठेवला, त्याचा जगन्नाथरावांना रागच आला. जरा तरी संशय घ्यायचा.

पवित्राला मुलगा झाला. नीट झाला, रडत झाला. भवानीबाई पाळण्याची दोरी ओढताना कधी नवऱ्याकडे बघायच्या. बघा, मी केलं ते वाया गेलं नाही, असं त्या नजरेत असायचं, आणि जगन्नाथराव उठून पुढच्या खोलीत जायचे. नातवाला ते फारसे घेत नसत. खणातली पुडी त्यांनी फेकली नव्हती. कधी उघडलीही नव्हती.

दसऱ्याचे दिवे लावायची कामं रस्त्यावर सुरू झाली, त्या सुमारास आभाताई पुन्हा आल्या. वाळल्या होत्या. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या, आणि तेच वाईट झालं.

"काका, एक मदत हवी होती. मला ते झाड दिसत नाही. खिडकीत बघितलं, गच्चीवर उन्हात बघितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, ते म्हणतात डोळे चांगले आहेत." त्यांनी अंगठी काढून थाळीत ठेवली. "मला वाटतं, मीच विसरायला लागले आहे. तिनं कुठल्या बाजूनं दाखवलं होतं, ते आठवत नाही. परवा तिचा आवाज आठवत नव्हता, फोनमध्ये ऐकावा लागला. त्र्यंबक म्हणाले, झाड वगैरे कधी नव्हतंच, तुम्ही मायलेकी मनानं बघत होतात. तुम्ही पाहिलं होतंत ना? भिंगातून एकदा बघून मला सांगा, कुठं आहे. मग मी शोधेन. नसलं तर तसंही सांगा. मी पुन्हा विचारणार नाही."

जगन्नाथरावांनी भिंग उचललं. डोळ्याला लावलं. त्या स्वच्छ, हिरव्या, रिकाम्या खड्यात ते बघत राहिले. झाड आहे म्हणावं तर ही बाई ते जन्मभर शोधत बसणार. नव्हतंच म्हणावं तर तिच्या मुलीनं तिला झाड दाखवलं तो क्षणसुद्धा खोटा होणार. खडा फोडला ते फोडला, आता ही तिची आठवणही हातानं फोडायची? त्यांनी भिंग ठेवलं, खण ओढला, आत हात घालून पुडी काढली आणि थाळीत उघडली.

"तुम्ही विसरला नाहीत, ताई. झाड होतं. ते हे."

आभाताई तुकड्यांकडे बघत राहिल्या. त्यांनी भिंग मागितलं. एका तुकड्यात बुंधा होता, दुसऱ्यात फाटे. तेल गेल्यामुळे चिरा पांढऱ्या, स्पष्ट झाल्या होत्या. आता ते झाड भिंगाशिवायही दिसलं असतं.

"हे कसं झालं?"

"माझ्या हातून. गरम झाला. मला माफ करा म्हणायचं तोंड नाही. दुसरा बसवून दिला, तो गुन्हा वेगळा."

"गरम झाला?" त्यांचा आवाज शांत होता. "पाचू आगीजवळ नेत नाही, हे तुम्हीच तिला शिकवलंत. तिनं मला शिकवलं. तुम्ही कसा गरम कराल?"

बायकोला पाठीशी घालायला जगन्नाथराव हे दुसरं खोटं बोलले होते आणि तेही त्यांना नीट जमलं नव्हतं.

"त्यांनी नाही केलं," दारातून भवानीबाई म्हणाल्या. त्या केव्हापासून तिथं उभ्या होत्या कुणास ठाऊक. "मी केलं, बाई. मी उकळत्या पाण्यात घातली. हळदीच्या."

"भवानी, आत जा."

"बिडी, राहू द्या. बोलू द्या मला." त्यांनी चौकट धरली. "माझी लेक पोटुशी होती. दोन गेली होती आधी. आमच्यात रीत आहे, गेलेल्याची वस्तू आली की... आणि तुमची लेक लग्नावाचून गेलेली. तिचा जीव कशात राहिला असेल, कुणाला गोत्तु? मी भ्याले, बाई. खडा फुटतो हे मला कळलं नाही. मी भ्याले, अष्टे."

आभाताईंना समजायला वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि तो बदलताना बघणं जगन्नाथरावांना सोसेना. खडा फुटल्याचं त्यांनी ऐकून घेतलं होतं. हे वेगळं होतं.

"तुम्ही माझ्या ईश्वरीला भ्यालात?"

भवानीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काकू, ती पालीला भ्यायची. भिंतीवर पाल दिसली की खोलीबाहेर उभी राहून मला हाक मारायची. बावीस वर्षांची मुलगी. मी जाईपर्यंत आत पाऊल टाकायची नाही." त्यांनी पायरीकडे बघितलं. "इथं बसून तिनं तुमची कोडबळी खाल्ली. घरी येऊन मला म्हणाली, आई, तुला अशी येत नाहीत."

भवानीबाईंच्या तोंडून नुसता आवाज आला. त्या खाली बसल्या. चौकटीला डोकं लावून त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं ती कशी होती. ठाऊक असून भ्याले."

आत बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. कुणीच उठलं नाही. आभाताईंनी दोन्ही तुकडे पुडीत ठेवले, कागदाची घडी नीट बसवली आणि पुडी पर्समध्ये टाकली. अंगठी थाळीतच राहू दिली. पायरीवर त्यांनी चपला घातल्या आणि पाठमोऱ्याच जरा थांबल्या.

"बाळ रडतंय, काकू," त्या म्हणाल्या. "उठा. घ्या त्याला."